रोंदारुकियाची चढण: 'ड्रॅगन क्वेस्ट २' इतका कठीण का, आणि तो पार कसा करायचा

प्रश्न थोडक्यात असा आहे: १९८७ चा मूळ, निन्टेंडोच्या फॅमिकॉम या जुन्या गेम यंत्रावरचा 'ड्रॅगन क्वेस्ट २' खेळतोय. निम्म्याहून जास्त गेम मजेत झाला. पण रोंदारुकियाच्या गुहेत पार्टी (आपल्या तीन नायकांची टोळी) पुन्हापुन्हा मरते, आणि एकदा कसाबसा वरच्या बर्फाळ पठारावर पोचलो तर चार पावलांत तिघंही गेले. अजून लेव्हल वाढवत बसू, की हा गेमच अन्यायी आहे असं समजून सोडून देऊ?

सोडू नका. आणि नुसती लेव्हल वाढवत बसणं हेही उत्तर नाही. जुने जपानी आरपीजी (पात्रं वाढवत कथेतून पुढे जाण्याचे गेम) मी बरीच वर्षं खेळत आणि इतरांना खेळायला मदत करत आलो आहे. याच जागी अडकलेल्या जवळपास प्रत्येकाचा समज एकच असतो, की आपली पार्टी कमजोर आहे. प्रत्यक्षात इथे तीन वेगवेगळ्या अडचणी एकावर एक रचलेल्या आहेत. एक मुद्दाम घातलेली आहे, एक त्या काळच्या यंत्रामुळे आलेली आहे, आणि एक निर्मात्यांना वेळ पुरला नाही म्हणून राहून गेलेली आहे. तिन्हींवरचे उपाय वेगळे आहेत. त्या वेगळ्या करून पाहिल्या की बराचसा राग निवळतो आणि वाटही दिसते.

नावांबद्दल आधी सांगतो. मी जपानी आवृत्तीतली नावं वापरतोय. १९९० मध्ये अमेरिकेत हाच गेम 'ड्रॅगन वॉरियर २' म्हणून आला, त्यात लोरेशियाचं मिडनहॉल झालं, सामाल्तोरियाचं कॅनॉक, रोंदारुकियाचं रोन आणि शेवटचा शत्रू असलेल्या शिदो या देवतेचं मालरॉथ.

थोडी पार्श्वभूमी लागेल. पहिला 'ड्रॅगन क्वेस्ट' २७ मे १९८६ ला आला आणि दुसरा २६ जानेवारी १९८७ ला. मध्ये फक्त आठ महिने. कथा आणि रचना युजी होरी यांची, प्रोग्रॅमिंगची धुरा चुनसॉफ्टच्या कोइची नाकामुरा यांच्याकडे, चित्रं आकिरा तोरियामा यांची, संगीत कोइची सुगियामा यांचं, प्रकाशक एनिक्स. पहिल्या भागात एक नायक एका वेळी एकाच राक्षसाशी लढायचा. दुसऱ्यात नायक तीन झाले, समोर राक्षसांच्या झुंडी आल्या, जहाज आलं, जग कितीतरी मोठं झालं. कार्ट्रिजची जागा ६४ किलोबाइटवरून १२८ वर गेली. आठ महिन्यांत एवढी उडी मारायची म्हणजे कुठेतरी काहीतरी राहणारच, आणि जे राहिलं ते शेवटच्या टप्प्यात राहिलं. त्या टप्प्याचा तोल नीट तपासायला वेळ मिळाला नाही, हे निर्मात्यांनीही पुढे सांगितलेलं आहे. तरीही जपानमध्ये या गेमच्या सुमारे २४ लाख प्रती खपल्या. म्हणजे तुम्ही जिथे अडकला आहात तिथे लाखो पोरं त्या हिवाळ्यात अडकली होती.

आता मुद्दाम घातलेल्या अडचणीकडे येऊ, कारण सगळ्यांत सुंदर तीच आहे.

तिघा नायकांची घडण बघा. लोरेशियाचा राजपुत्र ताकदवान आहे, पण त्याला एकही मंत्र येत नाही. मूनब्रूकच्या राजकन्येकडे जबरदस्त मंत्र आहेत, पण ती दोन फटक्यांत कोसळते. आणि सामाल्तोरियाचा राजपुत्र दोन्हींमध्ये अर्धा अर्धा. सुरुवातीला त्याला शोधतानाच दमछाक होते. तुम्ही त्याच्या गावी जाता तर तो तुमच्या गावी गेलेला असतो, आणि शेवटी एका सराईत निवांत बसलेला सापडतो. लोक त्याला बिनकामाचा म्हणतात. मूळ आवृत्तीत त्याला धड तलवारही मिळत नाही; बरेच खेळाडू शेवटपर्यंत त्याच्या हाती लोखंडी भालाच ठेवतात. तरी मी ठामपणे सांगतो, की रोंदारुकियाची वाट याच पोरावर अवलंबून आहे. मेलेल्याला जिवंत करणारा झाओरिकु हा मंत्र तिघांत फक्त त्यालाच येतो. तो मेला की पार्टीत कुणालाच परत आणता येत नाही, त्यालाही नाही.

हे एकदा मनात पक्कं बसलं की लढायची पद्धतच बदलते. बहुतेक जण आधी राजकन्येला सांभाळतात, कारण ती नाजूक दिसते. गुहेत पहिला जीव सामाल्तोरियाच्या राजपुत्राचा जपा. त्याची प्राणशक्ती अर्ध्यावर आली की हल्ला थांबवून त्याला बरं करा, पुढच्या फेरीत बघू म्हणू नका. आणि गुहेत शिरण्याआधी विश्ववृक्षाचं पान घेतलेलं असायलाच हवं. पूर्वेकडच्या समुद्रातल्या बेटावर ते झाड आहे. एका वेळी एकच पान जवळ ठेवता येतं, आणि ते पान राजपुत्र मरेल त्या क्षणासाठी राखून ठेवायचं. इतर कुणी मेलं तर झाओरिकु आहेच.

सामान भरण्याचा प्रश्नही इथेच येतो. प्रत्येकाला फक्त आठ जागा, अंगावरची शस्त्रं-चिलखतं धरून. वेगळी झोळी नाही. त्यात किल्ल्या, कथेसाठी लागणाऱ्या वस्तू हे सगळं तिघांतच वाटून घ्यायचं. त्यामुळे औषधी झाडपाल्यावर जागा घालवू नका. त्याऐवजी दुकानात मिळणारी 'शक्तीची ढाल' दोन्ही राजपुत्रांना घ्या. लढाईत ती 'वापरली' की वापरणाऱ्याची जखम भरते, मंत्रशक्ती खर्च होत नाही, आणि कितीही वेळा वापरता येते. महाग आहे, पण या एका खरेदीने गुहेचा हिशेबच बदलतो. राजकन्येसाठी तेपा गावच्या म्हाताऱ्या विणकराकडून 'पाण्याचा शेला' विणून घ्या. त्यासाठी पवित्र माग आणि दवाचा धागा या दोन्ही वस्तू शोधून त्याला द्याव्या लागतात, आणि शेला विणून होईपर्यंत बाहेर जाऊन परत यावं लागतं. हे टाळून पुढे गेलेले खेळाडू मी पाहिलेत. त्यांची राजकन्या गुहेतून क्वचितच चालत बाहेर पडते. 'विजेची काठी' तिच्या हातात असू द्या. तीही लढाईत वापरली की फुकटात वाऱ्याच्या मंत्राचं काम करते.

सूत्र एकच: मंत्रशक्ती जपायची. गुहेत जो आकडा पाहायचा तो जखमांचा नव्हे, सामाल्तोरियाचा राजपुत्र आणि राजकन्येकडे उरलेल्या मंत्रशक्तीचा. उन्हाळ्यात गड चढताना बाटलीतलं पाणी जसं वरपर्यंत पुरवायचं असतं, तसंच हे आहे. निम्म्या वाटेवर निम्म्याहून कमी उरलं असेल तर मागे फिरायचं. रिरेमितो मंत्राने थेट बाहेर पडता येतं. मागे फिरणं ही हार नाही, कारण मिळालेला अनुभव आणि पेट्यांतल्या वस्तू तुमच्याकडेच राहतात.

तसंही गुहेत किमान दोनदा जावंच लागतं. कथेत गोळा करायच्या पाच चिन्हांपैकी शेवटचं, प्राणाचं चिन्ह, याच गुहेच्या पोटात आहे. ते घेतल्यावर परत फिरून रुबिस देवीच्या समुद्रातल्या मंदिरात जायचं आणि तिचं रक्षाकवच घ्यायचं. ते नसेल तर शेवटी खलनायक हार्गोनच्या किल्ल्यातला भास मोडत नाही. तुम्ही आपल्याच लोरेशियाच्या महालात उभे आहात असं दिसत राहतं. तेव्हा पहिली खेप फक्त वस्तूंसाठी ठेवा: प्राणाचं चिन्ह, नायकांचा पूर्वज वीर लोतो याचं चिलखत आणि 'विजेची तलवार'. या तलवारीसाठी आडवाट तुडवावी लागली तरी तुडवा. प्रसिद्ध लोतोची तलवार या भागात ४० ताकदीची आहे, विजेची तलवार ८० ची. लोरेशियाच्या राजपुत्राचा, म्हणजे मुख्य नायकाचा, फटका जोरकस झाला की लढाया एकेक फेरी आधी संपतात, आणि संपलेली प्रत्येक फेरी म्हणजे वाचलेली मंत्रशक्ती. दुसरी खेप फक्त पार होण्यासाठी. त्या खेपेत पेट्यांकडे बघायचंही नाही.

गुहेचा नकाशा हाताने काढा, चौकटीच्या कागदावर. एका मजल्यावर न दिसणारे खड्डे आहेत; पाय पडला की खालच्या मजल्यावर. दुसऱ्या एका मजल्यावर चुकीचं वळण घेतलं की वाट गोल फिरून पुन्हा तिथेच येते. तयार नकाशे आता सहज मिळतात, पण एकदा तरी स्वतः काढून बघाच अशी माझी कळकळीची विनंती आहे. प्रत्येक खड्डा कागदावर फुली होऊन उतरतो, आणि पुढच्या वेळी तोच मजला तुम्ही सरळ चालत पार करता. माझ्या मते फॅमिकॉमच्या काळात याहून चांगली गुहा कुणी बांधली नाही. तिथले ड्रॅगन आगीने तिघांनाही भाजतात, 'किलर मशीन' एका फेरीत दोनदा वार करतं. पण यातलं काहीच अचानक झडप घालत नाही. दोन-तीन लढायांत त्यांची चाल कळते. ज्यांच्याशी लढून फायदा नाही त्यांच्यापासून पळा. पळणं फसलं तर एक फेरी मार बसतो, पण जमलं तर अख्खी लढाई वाचते.

इथवरचं जे आहे त्याला मी कठीण म्हणेन, अन्यायी नाही.

यंत्रामुळे आलेली अडचण लवकर सांगून होईल. जपानी कार्ट्रिजमध्ये बॅटरी नव्हती, त्यामुळे सेव्ह नव्हतं. त्याऐवजी राजा किंवा पुजारी तुम्हाला 'पुनरुज्जीवनाचा मंत्र' सांगायचा, कमाल ५२ अक्षरांचा, आणि तो वहीत उतरवून दुसऱ्या दिवशी पुन्हा भरायचा. जुन्या टीव्हीच्या धूसर पडद्यावर 'ब' आणि 'प' मधला फरक म्हणजे अक्षराच्या कोपऱ्यातल्या दोन रेघा की एक छोटं वर्तुळ एवढाच. एक अक्षर चुकलं की आठवड्याची मेहनत गेली. या पद्धतीतून मजेदार गोष्टीही निघाल्या. निर्मात्यांच्या मंडळींची नावं आणि पुढे 'पे पे पे' अशी अक्षरं भरली की लेव्हल ४८ चा, उच्चारताही येणार नाही अशा नावाचा नायक तयार मिळतो, आणि जपानमध्ये त्या नायकाला आजही लोक प्रेमाने आठवतात. अमेरिकेतल्या आवृत्तीत बॅटरी आली, जपानमध्ये फेब्रुवारी १९८८ च्या तिसऱ्या भागात.

तुम्ही मूळ जपानी आवृत्ती खेळत असाल तर मंत्राचा पडद्यावरून फोटो काढा, बस. इम्युलेटरवर (संगणकावर जुनं यंत्र चालवणाऱ्या प्रोग्रॅमवर) कुठेही सेव्ह करता येतं, त्याबद्दल माझं मत स्पष्ट आहे: मंत्र लिहून घ्यायची कटकट टाळण्यासाठी ते वापरावं, म्हणजे जिथे पुजारी आहे तिथेच सेव्ह करावं. गुहेच्या मध्ये, प्रत्येक लढाईआधी सेव्ह करू लागलात तर मंत्रशक्ती जपण्याचा सगळा डाव नाहीसा होतो आणि हातात फक्त फासे उरतात.

आपल्याकडे ही पिढी का हुकली तेही यावरून कळतं. ज्यांनी नव्वदच्या दशकात महाराष्ट्रात टीव्ही गेम खेळले त्यांना फॅमिकॉमच्या नकला आणि त्यातल्या कॅसेटी आठवत असतील: मारिओ, कॉन्ट्रा, रणगाड्यांचा गेम. जपानी मजकुराने भरलेला आणि दर वेळी ५२ अक्षरं मागणारा गेम त्या कॅसेटींत टिकणं अवघडच होतं.

जुन्या पद्धतीची कोडी हाही याच खात्यातला प्रकार आहे. तुरुंगाची किल्ली दुकानाच्या यादीत जिथे काहीच लिहिलेलं नाही अशा रिकाम्या ओळीवर विकत मिळते. सोन्याची किल्ली कुत्रा जिथे भुंकतो तिथे जमिनीत असते. पाणदरवाजाची किल्ली ज्या चोराकडे आहे तो कोठडीच्या भिंतीआड लपलेला असतो. ही कोडी एकट्याने बसून सुटावीत अशी अपेक्षाच नव्हती. शाळेत, मासिकांत, शेजारच्या मुलाकडून उत्तरं मिळायची. म्हणून अशा जागी मदत घ्यायला अजिबात संकोच करू नका. तो काळ परत आणायचा असेल तर विचारणं हाच खेळाचा भाग होता.

आता तिसरी अडचण: गुहेतून बाहेर पडल्यावर समोर येणारं पांढरं पठार. तुमचा राग इथे रास्त आहे.

इथले राक्षस कौशल्याने हरवायचे नसून नशिबाने टाळायचे आहेत. 'ब्लिझार्ड' नावाची बर्फाची भुतं झुंडीने येतात आणि झाराकी हा मृत्युमंत्र टाकतात. लागला तर जखमा किती होत्या याला काही अर्थ नाही, माणूस जागच्या जागी मेला. 'डेव्हिल लॉर्ड' त्याहून भयानक: तो मेगान्ते उच्चारतो, स्वतः मरतो आणि तुमच्या तिघांनाही घेऊन जातो. त्यावर बचाव नाही. 'गिगांतेस'चा एक फटका राजकन्येला पुरतो. आणि 'आर्क डेमन' इओनाझुनचे स्फोट करत सुटतात. लेव्हल ५० केली तरी मेगान्ते तुम्हाला मारणारच, आणि लेव्हल वाढवत बसण्याचा सल्ला इथे कामाला येत नाही तो यामुळेच. शिवाय वाढ अमर्याद नाही: लोरेशियाचा राजपुत्र ५० वर थांबतो, सामाल्तोरियाचा ४५ वर आणि राजकन्या ३५ वर.

मग करायचं काय? गुहेतून बाहेर आलात की एकच लक्ष्य: पठारावरचं छोटं देऊळ. वाटेत काहीही भेटलं तरी पळा. एकाही लढाईत मानाचा प्रश्न करू नका. दोघं मेले आणि एकटा नायक पोचला तरी चालेल. देवळात विश्रांती मिळते आणि पुनरुज्जीवनाचा मंत्रही मिळतो, म्हणजे सेव्ह झालंच. एकदा तिथे सेव्ह झालं की गुहा कायमची मागे पडली, कारण या भागात रुरा मंत्र तुम्हाला शेवटच्या सेव्हच्या जागी नेतो, आणि पार्टी संपली तरी तुम्ही तिथेच जागे होता. निम्मं सोनं जातं, जाऊ द्या. या टप्प्यावर सोन्याने घ्यावं असं फारसं काही उरत नाही.

त्यानंतर मात्र देवळाच्या अवतीभवती लेव्हल वाढवायला हरकत नाही. देवळापासून दोन-चार पावलांवर फिरायचं, लढायचं, परत येऊन बरं व्हायचं. झाराकीचे राक्षस दिसले की राजकन्येच्या इओनाझुनने पहिल्याच फेरीत जितके जातील तितके घालवायचे, डेव्हिल लॉर्ड दिसला की सगळ्यांनी मिळून आधी तोच. फासे वाईट पडले तर पार्टी मरेल. पण देवळातून पुन्हा सुरू करताना फारसं काही गमावलेलं नसतं, अनुभव टिकतो. निर्मात्यांनी तोल घालवला तिथे हे देऊळ तरी ठेवलं, याबद्दल मला त्यांचे मनापासून आभार मानावेसे वाटतात. नायक साधारण तिशीच्या आसपास गेला की किल्ल्याकडे वळा.

किल्ल्यात ॲटलस, बाझुझू आणि बेलियाल हे तिघे एकामागून एक भेटतात. प्रत्येकाला हरवल्यावर मंत्रशक्ती फार उतरली असेल तर देवळात परत या. मग हार्गोन, आणि त्याच्या मागोमाग शिदो.

शिदोबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण इथे यंत्राची मर्यादा आणि वेळेची कमतरता दोन्ही एकत्र येतात. या गेममध्ये राक्षसाची प्राणशक्ती एका बाइटमध्ये ठेवलेली आहे, म्हणजे २५५ च्या वर जाताच येत नाही. शेवटच्या देवतेला तेवढी अपुरीच. म्हणून तिला बेहोमा दिला, सगळी जखम एका झटक्यात भरणारा मंत्र. तो कधी पडेल सांगता येत नाही. तुम्ही नव्वद टक्के काम केलेलं असतं आणि शिदो पुन्हा नवाकोरा होतो. यावर रडून उपयोग नाही. गणित मात्र उलटं करता येतं. एकूण शक्ती कमी असल्यामुळे त्याला हळूहळू झिजवायचं नसतं, दोन-तीन फेऱ्यांत जोरात पाडायचं असतं. म्हणून नायकाने कधीही थांबू नये, प्रत्येक फेरीत विजेच्या तलवारीचा वार. बाकी दोघांचं मुख्य काम त्याला जिवंत ठेवणं. फॅमिकॉम आवृत्तीत 'ससाण्याची तलवार' आणि शापित 'विनाशाची तलवार' यांच्या अदलाबदलीतून विनाशाच्या ताकदीने दोन वार करून देणारा प्रसिद्ध बगही आहे. निर्मात्यांकडून राहिलेल्या एका चुकीवर दुसरी चूक वापरणं मला गैर वाटत नाही. पण आधी सरळ लढून बघा, बहुतेकांना जमतं.

नंतरच्या आवृत्त्यांचं विचाराल, तर १८ डिसेंबर १९९३ च्या सुपर फॅमिकॉम आवृत्तीत पठाराचा धारदारपणा कमी केला आणि सामाल्तोरियाच्या राजपुत्राला अखेर चांगली तलवार मिळाली. ज्यांना कथा अनुभवायची आहे आणि अंगावर काटा नको, त्यांनी ती किंवा तिच्यावर बेतलेली २०१९ ची स्विच आवृत्ती खुशाल घ्यावी. २०२५ च्या एचडी-२डी आवृत्तीत सामाल्तोरियाची राजकन्या चौथी साथीदार म्हणून येते, त्यामुळे तो जवळपास वेगळाच गेम झाला आहे. मूळ फॅमिकॉम आवृत्ती अधिकृतपणे हवी असेल तर २०११ साली जपानमध्ये निन्टेंडोच्या वी (Wii) यंत्रासाठी निघालेल्या, पहिल्या तिन्ही भागांच्या संग्रहात ती आहे. तुम्ही मात्र इतक्या जवळ आलात, की आता मूळच पूर्ण करा असं मी सांगेन. वरचं पठार बेफाम आहे खरं, पण त्याखालची गुहा हा या मालिकेतला सर्वोत्तम प्रवास आहे, आणि पुढच्या आवृत्त्यांत पठार मऊ झालं तशी गुहेची धारही थोडी बोथट झाली.

शेवटी एक सूचना. शिदो पडल्यावर जगातले सगळे राक्षस नाहीसे होतात आणि तुम्हाला लोरेशियाला परत जायचं असतं. घाईने थेट राजवाड्यात जाऊ नका. वाटेतल्या प्रत्येक गावात शिरा, लोकांशी बोला. सगळ्यांचे संवाद बदललेले असतात, आणि १२८ किलोबाइटच्या कार्ट्रिजमध्ये, एवढ्या घाईत, त्यांनी त्यासाठी जागा राखून ठेवली होती.